नावावरची काट

साखरबाईंनी पाटीवरची अक्षरं अशी धडाधड वाचली की प्राचीला आधी कौतुकच वाटलं. बारामतीतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायचं काम ती अकरा वर्षं करत होती. कुणाला किती दिसणार हे माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच तिला कळायचं. भवानीनगरहून आलेल्या या म्हातारीचे दोन्ही मोतीबिंदू तर पिकून पांढरे झालेले. तरी बाई शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा न अडखळता म्हणून मोकळ्या! प्राचीनं पाटी खिळ्यावरून काढली, उलटी करून लावली आणि म्हणाली, "आता वाचा, आजी." कोऱ्या पुठ्ठ्याकडे तोंड करून साखरबाईंनी तीच अक्षरं त्याच क्रमानं पुन्हा म्हटली. बाकावरची माणसं फिदीफिदी हसायला लागली. "आजी, पाटी कोरी आहे." "आसंल बाई. मला कुठं दिसतीया? सकाळधरनं बाकड्यावर बसलीया, म्होरली माणसं म्हणत हुती, ऐकून ऐकून पाठ झालं." प्राचीही हसली. "पाठ म्हणू नका, दिसतं तेवढंच सांगा," असं अकरा वर्षांच्या सवयीनं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कारण तिच्या डोक्यात दुसरंच एक पाठ सुरू झालं होतं. लोकुबंडाचा दिंगिरीबंडा, दिंगिरीबंडाचा किरिबंडा, किरिबंडाचा पुंचिबंडा, पुंचिबंडाचा गुणपाल. तेही असंच, न बघता, कुणाचंतरी ऐकून पाठ झालेलं.

दुपारी डबा उघडला आणि आईचा फोन आला. सारजाबाई फोनवर नेहमी ओरडूनच बोलायच्या; पळसदेवपासून बारामतीपर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचाय अशी त्यांची समजूत होती. "प्राचे, हेळवी आलाय! म्हाताऱ्याचा नातू, गोकुळ. फटफटीवर आलाय, बैल न्हाय काय न्हाय. उद्या पहाटं म्हणनार हाय. तुझ्या बापानं आत्तापासनंच जाळी काढून ठिवल्यात बघ." प्राचीनं डबा तसाच झाकला. दीपकला, म्हणजे नवऱ्याला, फोन करून मुलीला पाळणाघरातून आणायला सांगितलं आणि साडेतीनच्या भिगवण गाडीत खिडकीशी जाऊन बसली. ऊन मी म्हणत होतं. खिडकीची पट्टी तापून हाताला चटका देत होती, तरी तिनं हात काढला नाही.

हेळवी म्हणजे घराण्याची चोपडी सांभाळणारा माणूस. दहा-बारा वर्षांनी दारात येतो, पहाटे खड्या आवाजात मूळ पुरुषापासून नावं म्हणतो, नवी लिहून घेतो, धान्य-कापड घेतो आणि पुढच्या गावाला जातो. त्यांच्या घराण्याची यात एक रीत होती. मेलेल्याचं नाव आलं की दारातल्यांनी गप्प राहायचं. जित्याचं आलं की त्यानं, तो नसेल तर घरातल्या कुणीही, 'हाय' म्हणायचं. कुणीच काही म्हटलं नाही की हेळवी नावावर काट मारणार. आणि एकदा पडलेली काट काढायची तर ज्याचं नाव त्यानंच, स्वतःच्या तोंडानं, 'हाय' म्हणायला पाहिजे. तिथं बायको चालत नाही, लेक चालत नाही, सरपंच आला तरी चालत नाही. अठ्ठ्याऐंशी साली प्राचीच्या वडलांच्या, सर्जेरावांच्या, नावावर काट पडली होती. ते तेव्हा फौजेत होते. श्रीलंकेत यादवी पेटलेली, शांतता राखायला म्हणून आपली फौज गेलेली. शांतता राहिली बाजूला आणि सर्जेराव तमिळ बंडखोरांच्या हाती सापडले. घरी तार आली ती एवढीच, की बेपत्ता. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, हे आजोबांना, बापूसाहेबांना, चांगलं कळत होतं. पण सहा महिने वाट बघून माणूस आतून सोलवटतो. त्यात पांढऱ्या बैलावर बसून म्हातारा हेळवी आला आणि पहाटे अंगणात म्हणाला, "बापूसाहेबांचे सर्जेराव..." अंगण गप्प. बापूसाहेब आभाळाकडे बघत राहिले. आई दाराआड होती. "ओठापतुर आलं हुतं गं," ती अजून सांगते, "पर सासऱ्याम्होरं सुनंनं कसं बोलायचं? आन म्हणलं, आनि खोटं निघालं तर? जीबच उचलली न्हाय." ती जीभ न उचलल्याचं दुःख आईनं सदतीस वर्षं जपलंय. सणाच्या दिवशी पुरण चांगलं झालं तरी तिला ते आठवतं.

एकोणनव्वदला सर्जेराव परत आले. हाडांचा सापळा, पण चालता-बोलता. गावानं हलगी लावून वेशीपासून घरापर्यंत आणलं. एक्क्याण्णवला प्राची झाली. चोपडीत मात्र ते मेलेलेच राहिले, आणि मेलेल्या माणसाला तीन वर्षांनी लेक कशी होणार? नव्व्याण्णव साली म्हातारा हेळवी पुन्हा आला तेव्हा ती आठ वर्षांची होती. घराण्यातल्या सगळ्या चुलत पोरापोरींनी आपापल्या नावाला कोंबड्यासारखं 'हाय! हाय!' केलं. तिचं नाव आलंच नाही. ती हेळव्याच्या मांडीशी जाऊन उभी राहिली, "मी कुठं हाय?" म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ताई, वर काट हाय. खाली कसं ल्हिऊ? तुझ्या बापाला म्हणावं, एकदा 'हाय' म्हण." पण बाप होता कुठं? बाप होडी घेऊन उजनी धरणाच्या पाण्यात, पार पलीकडच्या काठाला. पुढच्या खेपेलाही तेच. गावातले लोक थट्टा करायचे, की सर्जेराव बंदुकीला भ्याला न्हाय आन हेळव्याला भितो. सर्जेरावही हसायचे आणि जाळ्यातली चिलापी चेष्टा करणाऱ्याच्या पिशवीत टाकायचे.

गाडी भिगवणला थांबली तेव्हा मासळी बाजाराचा वास खिडकीतून आत आला, आणि त्या वासाबरोबर तिला चौथीतला तो दिवस आठवला. बाईंनी वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. प्राचीला कुणाला विचारायची गरजच नव्हती. रोज सकाळी तात्या, म्हणजे तिचे वडील, तांब्यानं सूर्याला पाणी द्यायचे तेव्हा नावं म्हणायचेच. मालोजीचा सुभाना, सुभानाचा येसू, येसूचा आबाजी, आबाजीचे बापूसाहेब. तिथं थांबायचे. स्वतःचं नाव घ्यायचे नाहीत. मग थोडं आणखी पाणी, आणि लोकुबंडाचा दिंगिरीबंडा, असं करत गुणपालपर्यंत. ती आंघोळीच्या दगडावर बसून ऐकायची. तिनं कागदावर मोठं झाड काढलं आणि सगळे बंडा मालोजीच्याही खाली, मुळाशी, ओळीनं बसवले. तिला वाटायचं, हे फार जुने, म्हणून नावं अशी. वर्ग हसून हसून लोळला. बाईंनीही पदर तोंडाला लावला. वर्षभर पोरांनी तिला 'पुंचिबंडा' म्हणून हाक मारली. घरी येऊन तिनं दप्तर फेकलं आणि तात्यांच्या अंगावर ओरडली, की ती माणसं कुठली, आपली हायत का न्हाय ते सांगा! तात्या जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "आपली न्हायती. पर त्यास्नी दुसरं कुनी न्हाय." एवढंच. त्यानंतर तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण नावं तिच्या जिभेवरून गेली नाहीत. बाळंतपणाच्या कळा सोसताना, दवाखान्यातली वीज गेल्यावर, कुठंही, ती आपोआप सुरू व्हायची.

आणि मागच्या महिन्यात ती माहेरी गेली होती तेव्हा सकाळी तात्या दिंगिरीबंडापर्यंत आले आणि अडले. तांब्या हातात तिरका. पाण्याची धार संपली तरी ते तसेच उभे. "दिंगिरीबंडाचा..." पुन्हा, "दिंगिरीबंडाचा..." चेहऱ्यावर असा घाबरा भाव की तिनं तो त्यांच्या तोंडावर आयुष्यात बघितला नव्हता. तिनं तेव्हा नाव सांगितलं नाही. का, ते तिलाच कळलं नाही. कदाचित आपल्याला पाठ आहे हे त्यांना कळलं तर त्यांचं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं होईल म्हणून. बारामतीत डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, विसरणं वाढत जाणार. आधी कालचं जाईल, मग परवाचं. एक दिवस स्वतःचं नावही जाईल. हेळवी पुन्हा येईल तेव्हा आणखी बारा वर्षं गेलेली असतील. तेव्हा गोकुळनं कितीही खड्या आवाजात 'सर्जेराव' म्हटलं तरी ते नाव कुणाचं हे सर्जेरावांना ठाऊक असणार आहे का? म्हणजे जे काय व्हायचं ते उद्या पहाटे. नाहीतर चोपडीत बाप मेलेला, आणि लेक नाहीच.

घराच्या मागचा उतार मे महिन्यात लांबच लांब होतो. पाणी हटत हटत जातं आणि जुनं गाव जिथं बुडालं तिथली माती भेगाळून उघडी पडते. देवळाचं शिखर वर येतं, मग खांब. तात्या तिथं, होडीजवळ, जाळ्याची गाठ मारत बसले होते. ती शेजारी बसली. चपलेत वाळू गेली होती ती झटकली.

"उद्या जाणार होय, तात्या?"

"जाळी टाकायची हायत."

"हेळवी आला की तुमच्या जाळ्याला बरे मासे लागत्यात."

तात्या हसले. दात कमी झाले होते, पण हसणं तेच. "ऱ्हाऊ दे की काट. ती काय मला खायाला मागती?"

"मला मागती," ती म्हणाली. "चौतीस वर्सं झाली तात्या. मी कुठंच न्हाय. चोपडी मसणात गेली तरी चाललं मला, पर तुमी जित्ते असून मेलेले का ऱ्हाता, ते तरी सांगा. एकदा सांगा. मग जावा मासे धरायला."

तात्यांनी जाळं गुडघ्यावर ओढून घेतलं. पाण्याकडून वारा आला. मग बोलायला लागले ते जाळ्याकडे बघूनच, आणि अशा साध्या आवाजात की कालच्या बाजाराचं सांगतायत असं वाटावं. जंगलात झावळ्यांचं लांब छप्पर होतं. तिथं तीस-बत्तीस कैदी. बहुतेक सिंहली शिपाई, आपल्यातले दोघं. नाव कुणी घ्यायचं नाही, आकडा होता प्रत्येकाला. सकाळ-संध्याकाळ हजेरी. आकडा म्हटला की ओ द्यायची, ओ दिली की भात. "मला पत्तोन्पदु म्हणायचे. त्यांच्यात एकोनीस. घरी आल्यावर तुझी आई सर्जेराव सर्जेराव म्हणायची, आन मला वाटायचं दुसऱ्याला बोलावती." शेजारी झोपायचा गुणपाल, वीस आकडा. डोंगरातला पोर, शेतकऱ्याचा. भाषा एकमेकांना येत नव्हती. मग करायचं काय? सर्जेरावांनी आपली नावं म्हणून दाखवली, बोटं मोडत, हा याचा बाप, हा त्याचा. त्याला कळलं. त्यानं त्याची म्हटली. रोज. याची त्याला पाठ, त्याची याला. "वेड लागलं न्हाय ते त्यापायी. न्हायतर लई जणांना लागलं."

"मग?"

"मग ताप आला त्याला. उठता येईना. आजाऱ्याचा भात बंद करायचे. म्हून त्याचा आकडा म्हणला की मीच ओ द्यायचो. अंधारात कोन बघतंय? तीन दिस दिली. चौथ्या सकाळी बी दिली." त्यांचा हात जाळ्यात थांबला. "भात घिऊन आलो. म्हणलं, ऊठ रं, खा. तर कवाच गार झाला हुता. मेलेल्याच्या नावानं मी ओ दिली, प्राचे. आन तो भात..." त्यांनी जाळ्यात अडकलेली काडी काढून टाकली. "खाल्ला मी. उपाशी हुतो." मग घसा खाकरून म्हणाले, "सुटल्यावर आपल्या सायबांना नाव सांगितलं त्याचं. ल्हून घेतलं त्यांनी. पुढं काय कळलं न्हाय. तवापासनं कुनी ओ द्यायला सांगितलं की घसा धरतो. तुझ्या शाळेत बापाची सही लागायची, ती करत हुतो. ओ न्हाय देता येत."

प्राचीला वाटलं आपण काहीतरी बोलावं; माफ करणारं, समजावणारं. डोळ्यांच्या दवाखान्यात ती दिवसभर लोकांची समजूत काढते. इथं मात्र तिनं त्यांच्या हातातलं जाळं घेतलं आणि राहिलेली गाठ मारली. तिला लहानपणी त्यांनीच शिकवली होती. गाठ वाकडी आली. "घट्ट वड," ते म्हणाले.

रात्री ती झोपली असं म्हणायचं. तिला त्या छपराचा वास येत होता, जो तिनं कधी घेतला नव्हता. ओल्या झावळ्यांचा, शिळ्या भाताचा. आणि त्यात एक विचार हळूहळू उमलत गेला. तात्या कैदेत चौदा महिने जगले ते बापूसाहेबांच्या नावांवर नाही, दुसऱ्याच्या नावांवर. म्हणजे ते बंडा मुळाशी काढले होते ते तिचं काय फार चुकलं नव्हतं. बाईंनी पदर तोंडाला लावायची गरज नव्हती.

पहाटे आईनं अंगण शिंपलं, पाट मांडला. चुलतभाऊ, भावजया, पोरं डोळे चोळत जमली. गोकुळ हेळवी अंगात झब्बा, डोक्याला फेटा बांधून चोपडी लाल कापडातून सोडवत होता. फटफटी लिंबाखाली लावलेली. "तात्या कुठायत?" त्यानं विचारलं. आईनं नुसती हनुवटी पाण्याकडे केली. उताराखाली होडी अजून काठाला होती आणि एक पाय आत, एक पाय चिखलात असे तात्या उभे होते, पाठमोरे. होडी ढकलायचा बांबूचा रेटा हातात. निघालेच होते.

गोकुळनं गळा काढला. आवाज आजोबाचाच होता, खडा, शिवार उठवणारा. मालोजीचा सुभाना. सुभानाचा येसू. अंगण रीतीप्रमाणे गप्प. येसूचा आबाजी. आबाजीचे बापूसाहेब. गप्प. गोकुळनं चोपडीवर बोट ठेवलं, काटेवर, आणि पुढं जाण्याआधी रीतीचा श्वास घेतला. तेवढ्यात प्राची म्हणाली, "थांब, गोकुळदा." ती अंगणाच्या कडेला, जिथून उतार सुरू होतो तिथं गेली आणि छातीत मावेल तेवढा वारा भरून ओरडली, "लोकुबंडाचा दिंगिरीबंडा!"

भावजया एकमेकींकडे बघायला लागल्या. "ह्ये काय आनि नवीन?" कुणीतरी म्हटलं. आईनं "गप ऱ्हावा!" म्हणून दटावलं.

"दिंगिरीबंडाचा..." तात्या अडले होते तिथं ती अडली नाही, आणि पुढचं नाव घेताना तिनं ते नीट, सुटं, शेजारच्या झोपलेल्या माणसालाही ऐकू जाईल असं घेतलं. "किरिबंडा! किरिबंडाचा पुंचिबंडा! पुंचिबंडाचा गुणपाल!"

रेटा पाण्यात तसाच उभा राहिला. तात्या वळले होते. एवढ्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच प्राचीला न दिसण्याचं काही वाटलं नाही. गुणपालचं नाव पाण्यावरून पलीकडे गेलं. कुणी ओ दिली नाही. कुणी द्यायचीच नव्हती. मेलेल्याच्या नावाला गप्पच राहायचं असतं. सगळं अंगण त्याच्यासाठी गप्प राहिलं, पोरंसुद्धा. सदतीस वर्षांनी त्या पोराला रीतसर मौन मिळालं. तात्या होडीतून दुसरा पाय काढून चिखलात उतरले.

प्राचीनं गोकुळकडे बघितलं. गोकुळ येडा नव्हता. त्यानं बोट काटेवरच ठेवून आवाज चढवला, "बापूसाहेबांचे सर्जेराव!"

आईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. तिला म्हणायचं होतं, सदतीस वर्षं म्हणायचं होतं, पण आता तिचं चालणार नव्हतं. खालून काही आलं नाही. एक टिटवी ओरडत गेली. गोकुळनं रीत मोडली आणि दुसऱ्यांदा म्हटलं, "बापूसाहेबांचे सर्जेराव!" तात्या उतार चढत होते. धापा लागत होत्या, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. अर्ध्या उतारावर ते थांबले, गुडघ्यांवर हात टेकले, खोकले. आणि मग त्या खोकल्यातूनच, घोगरं, कसंतरी, पण स्वच्छ आलं, "हाय."

"कोन?" गोकुळनं रीतीप्रमाणे विचारलं.

"आरं हाय म्हणलं की! सर्जेराव! बहिरा हाइस का?" तात्या ओरडले, आणि अंगणात एकच हशा पिकला. आई हसत होती आणि रडत होती आणि हे दोन्ही एकदम जमत नसल्यानं तिला ठसका लागला.

ते वर येऊन पाटावर बसेपर्यंत गोकुळनं काटेशेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. "तात्या, काट पुसता येत न्हाय, पर शेजारी 'हाय' ल्हिलंय," तो म्हणाला. "आता लेकीचं घालतो." तात्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "आदी त्याचं ल्ही. पोर आत्ता म्हणली ते." गोकुळ घुटमळला. घराण्याच्या चोपडीत परक्याचं नाव त्याच्या आज्यानं कधी घातलं नव्हतं. मग त्यानं पान उलटलं, मालोजीच्याही आधीची कोरी जागा काढली आणि म्हणाला, "सांगा. पर सावकास सांगा, नावं अवघड हायत." तात्यांनी प्राचीकडे बघितलं. त्यांना दिंगिरीबंडाच्या पुढचं पुन्हा आठवत नव्हतं, हे तिला दिसलं. आणि या वेळी ते घाबरलेले नव्हते. "हिला इच्यार," ते म्हणाले. "हिला पाठ हाय."

तिनं सांगितलं, एकेक अक्षर. गोकुळनं लिहिलं. शाई वाळायला फुंकर मारली, पान पुन्हा पुढं उलटलं, घसा साफ केला आणि शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "सर्जेरावांची लेक प्राची!"

आयुष्यभर ती दुसऱ्यांची नावं म्हणत आली होती. आपलं ऐकायचं कसं हेच तिला उमगेना. सगळी तिच्याकडे बघत होती. तात्यांनी तिच्या पाठीवर ओला हात ठेवला.

"आगं, गप काय बसलीस," ते म्हणाले, "ओ दे की."

"हाय," प्राची म्हणाली.